‘काय दिसतंय ते सांग’ : माद्रिदमधलं माझं पहिलं सेमिस्टर

पहिल्याच असाइनमेंटला मला दहापैकी साडेचार मिळाले. स्पेनमध्ये मार्क दहापैकी देतात आणि पाचला पास, म्हणजे मी नापास. आयुष्यात कधी नापास झाले नव्हते त्यामुळे तो कागद हातात घेऊन कँटीनच्या मागच्या पायऱ्यांवर बराच वेळ नुसती बसून राहिले. वेलास्केथच्या ‘लास मेनिनास’ या चित्रावर दोन पानं लिहायची होती, मी साडेतीन लिहिली होती. चित्र १६५६ चं, वेलास्केथ हा चौथ्या फेलिपे राजाच्या दरबारातला चित्रकार, चित्रात त्याने स्वतःलाही काढलंय पण छातीवरचा लाल क्रॉस नंतर रंगवलाय कारण सान्तियागो या सरदार-संघाचा सरदार तो १६५९ मध्ये झाला, ‘मेनिना’ म्हणजे राजकन्येची सखी, हा शब्द मुळात पोर्तुगीज, आणि चित्राला हे नाव १८४३ च्या कॅटलॉगपासून चिकटलं, सगळं व्यवस्थित लिहिलेलं, एक माहिती चुकीची नव्हती. खाली लाल पेनाने एकच प्रश्न होता. ‘के बेस?’ म्हणजे, तुला काय दिसतंय?

मला तो प्रश्नच कळला नाही. काय दिसतंय म्हणजे काय, चित्र दिसतंय.

थोडं मागचं सांगते म्हणजे नीट लागेल. आमचं गाव तासगावजवळ, सांगली जिल्हा, घरची द्राक्षबाग. बी.कॉम. झाल्यावर पुण्यात आले आणि मैत्रिणीने सांगितलं की स्पॅनिश येत असेल तर हिंजवडीत पगार जास्त मिळतो म्हणून क्लास लावला, बी टू लेव्हलपर्यंत गेले आणि मग तीन वर्षं मेक्सिको आणि कोलंबियाच्या क्लायंट्सची इन्व्हॉइसेस प्रोसेस केली. माझं स्पॅनिश म्हणजे ‘सोबत बिल जोडलंय’, ‘पेमेंटची तारीख उलटलीय’, एवढंच. पण भाषा आवडायची, खूप आवडायची. त्यात आपले शब्द भेटायचे. पगार देणं म्हणजे ‘पागार’, चावीला ‘याबे’, साबणाला ‘खाबोन’. आपल्याकडे हे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण, त्यामुळे असं होतं, पण हे कळायच्या आधी मला ती जादूच वाटायची. मग पैसे साठवले, घरच्यांना समजावलं (वडील तयार होईनात, आज्जीने मिटवलं), आणि २७ व्या वर्षी माद्रिदला एका युनिव्हर्सिटीत परदेशी विद्यार्थ्यांसाठी असलेल्या एक वर्षाच्या कोर्सला आले. त्यात पहिल्या सेमिस्टरला सहा क्रेडिटचा एक विषय होता, स्पॅनिश भाषेतलं साहित्य आणि दृश्यसंस्कृती, तोंडओळख. मी हा विषय घेतला कारण साहित्य कधी शिकले नव्हते आणि तोंडओळख म्हणजे सोपं असेल असं वाटलं.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या. पहिल्या दिवशीच म्हणाल्या मला नावाने हाक मारा आणि ‘तू’ म्हणा, इकडे तसंच असतं. माझ्या तोंडातून ते निघेचना. जिला आपण शिक्षक म्हणतो तिला अरेतुरे कसं करणार, मी नोव्हेंबरपर्यंत वाक्य असं फिरवून बोलायचे की ‘तू’ही नको आणि ‘तुम्ही’ही नको. इथे मी त्यांना बाईच म्हणते.

तर साडेचार मार्क घेऊन मी बाईंच्या तुतोरियाला गेले, म्हणजे आठवड्यातले जे तास त्या केबिनमध्ये बसतात आणि कुणीही जाऊन विचारू शकतं ते. त्यांनी माझा पेपर समोर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, हे सगळं चित्र न बघता लिहिता येतं. तू चित्राबद्दल जे माहीत आहे ते लिहिलंस. आता प्रादोला जा, वीस मिनिटं त्याच्यासमोर उभी राहा, आणि ‘कारण’ हा शब्द न वापरता लिही.

प्रादो म्युझियम संध्याकाळी सहा ते आठ फुकट असतं. विद्यार्थ्यांना एरवीही फुकट आहे पण ते पंचविशीपर्यंत, माझं वय गेलेलं, म्हणून मी सहाची लाइन लावायचे. आत फोटो काढायला बंदी. बारा नंबरच्या दालनात ते चित्र आहे, उंची तीन मीटरच्या वर, म्हणजे आपल्या घराच्या भिंतीवर मावणार नाही. मी वही काढली आणि सुरुवातीला परत तेच, राजकन्या मार्गारिता, तिच्या सख्या, राजा-राणी आरशात. मग म्हटलं थांब. मला कसं माहीत की ती राजकन्या आहे? मला दिसतंय ते एवढंच की एक चारपाच वर्षांची गोरी पोर मधोमध उभी आहे, तिच्यावर उजेड पडलाय, एक मुलगी गुडघ्यावर बसून तिला छोटंसं लाल भांडं देतीय आणि ती पोर भांड्याकडे बघतच नाहीये. उजव्या कोपऱ्यात एक मोठा कुत्रा बसलाय, डोळे मिटल्यासारखा, आणि एक लहान मुलगा त्याच्या पाठीवर पाय देतोय. डावीकडे प्रचंड कॅनव्हास, पण आपल्याला त्याची मागची बाजूच दिसते, लाकडाची चौकट. मागे दार उघडं, पायरीवर एक माणूस थांबलेला, तो येतोय का जातोय ते कळत नाही. आणि चित्राचा वरचा अर्धा भाग, हे मी इतके दिवस पुस्तकात बघत होते पण कधी जाणवलंच नव्हतं, वरचा अर्धा भाग रिकामा आहे. नुसता अंधार, छत, दिवे लावायचे हुक. एवढं मोठं चित्र आणि निम्म्यात काहीच नाही.

आठ वाजता गार्ड बाहेर काढायला लागले तेव्हा माझी चार पानं भरली होती.

आता आज्जीचं सांगते, कारण खरा कोर्स मी तिच्याबरोबर केला असं मला मनापासून वाटतं. आज्जीला काचबिंदू आहे. एका डोळ्याने बिलकूल दिसत नाही, दुसऱ्याने माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते आवाजावरून. मी तिला रोज फोन करते. संध्याकाळी मी म्युझियममधून निघायचे तेव्हा तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजून जायचे, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला करायचे, तिची दुपारची जेवणं झालेली असायची. तिने विचारलं काल काय केलंस, मी सहज म्हटलं चित्र बघितलं. कसलं गं? आणि मी सांगायला लागले. हातात फोटो नव्हता, आठवणीतून सांगत होते. ती मधेच म्हणाली, ‘त्या पोरानं कुत्र्याच्या पाठीवर पाय का दिलाय? चावंल की.’ मी म्हटलं उठवत असेल. ‘असंल नको. पाय दिलाय का ठेवलाय?’ आणि मला ते सांगता येईना. मी परत गेले. (दिलाय. टाच उचललेली आहे, ठेवलेला पाय असा दिसत नाही.) मग तिने विचारलं राजा कुठाय. मी म्हटलं मागे भिंतीवर आरसा आहे त्यात राजा-राणी दिसतात. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘मग राजा तू उभी आहेस तितंच उभा की.’

या एका वाक्यावर मोठमोठ्या लोकांनी पुस्तकं लिहिली आहेत. माझ्या आज्जीने ते चित्र न बघता, फोनवर, जेवण झाल्यावर सांगितलं.

तेव्हापासून आमचं ठरूनच गेलं. प्रत्येक चित्र मी आधी तिला सांगायचे, मग लिहायचे. तिला वेलास्केथ माहीत नाही, सतरावं शतक माहीत नाही, त्यामुळे माहितीच्या मागे लपायला जागाच नव्हती. दुसऱ्या असाइनमेंटला साडेसहा मिळाले.

साहित्याचा भाग मात्र सुरुवातीला फार जड गेला. बाई काळाच्या क्रमाने शिकवायच्या, पहिले तीन आठवडे मध्ययुग. एका तासाला त्यांनी दोन्या त्रुआनाची गोष्ट दिली, खुआन मान्वेल या लेखकाच्या १३३५ च्या ‘कोंदे लुकानोर’ या पुस्तकातली. एक बाई डोक्यावर मधाचं मडकं घेऊन बाजाराला निघते, चालता चालता विचार करते की मध विकून अंडी घेईन, अंड्यातून कोंबड्या, कोंबड्या विकून मेंढ्या, मग मुलांची लग्नं, सुना-जावई मागून चालतील, लोक बघत राहतील, आणि त्या आनंदात कपाळावर हात मारते आणि मडकं खाली पडून फुटतं. मी वाचता वाचता उठूनच उभी राहिले. ही आपली सातूच्या पिठाच्या मडक्याची गोष्ट! पंचतंत्रातला तो कंजूष ब्राह्मण, अंथरुणावर पडून सातू विकून शेळ्या, शेळ्यांवरून गाई, मग लग्न, मुलगा, आणि स्वप्नात लाथ मारतो आणि मडकं फुटून पांढरा होतो. मी वर्गात पहिल्यांदाच बोलले आणि इतकी घाईघाईने बोलले की व्याकरणाची पार वाट लागली, पण बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी मग रस्ता सांगितला, पंचतंत्र संस्कृतातून पहलवीत म्हणजे इराणच्या जुन्या भाषेत, तिथून अरबीत ‘कलीला व दिमना’, आणि अरबीतून १२५१ मध्ये कॅस्टिलियन म्हणजे जुन्या स्पॅनिश भाषेत, पुढे राजा झालेल्या दहाव्या आल्फोन्सोच्या सांगण्यावरून. बुद्धिबळाचं पण तसंच, चतुरंगचं शतरंज आणि त्याचं ‘आखेद्रेथ’. याच आल्फोन्सोने १२८३ मध्ये खेळांवर एक ग्रंथ करून घेतला, दीडशेच्या आसपास रंगीत चित्रं असलेला, त्याची सुरुवातच हिंदुस्थानातल्या एका राजाच्या गोष्टीने होते, तो ग्रंथ माद्रिदजवळ एल एस्कोरियालच्या लायब्ररीत आहे. साखर, नारिंग हे शब्द पण याच वाटेने तिकडे गेलेत, आथुकार, नारान्खा. त्या दिवसानंतर मला वर्गात परकं वाटलं नाही.

मग लासारियो. ‘लासारियो दे तोर्मेस’, १५५४, लेखकाचं नाव नाही. १५५९ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, बंदी घातलेल्या पुस्तकांच्या यादीत टाकलं. छोटंसं पुस्तक आहे पण सोळाव्या शतकातलं स्पॅनिश, एका पानाला मला पाऊण तास लागायचा, निम्मं पान तळटीपांनी भरलेलं. एक गरीब पोरगा स्वतःची हकीकत पत्रासारखी सांगतो, आईने त्याला एका आंधळ्या भिकाऱ्याला वाट दाखवायला दिलेलं असतं. सालामांका शहर सोडतानाच तो आंधळा त्याला पुलावरच्या दगडी बैलाला कान लावायला सांगतो, आत आवाज येतो म्हणतो, आणि पोराने कान लावला की डोकं दगडावर आपटतो. शीक, म्हणतो, आंधळ्याच्या पोराला सैतानापेक्षा थोडं जास्त कळायला पाहिजे. तो दगडी प्राणी रोमन पुलाजवळ अजून आहे, मी डिसेंबरमध्ये एका रविवारी जाऊन आले. त्याला आता स्वतःलाच डोकं राहिलेलं नाही. बराच वेळ हात लावून उभी होते.

आणि द्राक्षांचा प्रसंग. आंधळ्याला कुणीतरी द्राक्षाचा घड देतो, दोघांचं ठरतं की एक मणी तू एक मणी मी. थोड्या वेळाने आंधळा दोन दोन खायला लागतो, ते बघून पोरगा तीन तीन. घड संपल्यावर आंधळा म्हणतो तू तीन तीन खाल्लीस. कशावरून? मी दोन खात होतो आणि तू गप्प बसलास त्यावरून. हा प्रसंग मी आज्जीला सांगितला तेव्हा ती इतकी हसली की काकू विचारायला आली काय झालं. आमच्याकडे बागेत तोडणीला बाया येतात तेव्हा पोरं असंच करतात. मग म्हणाली, ‘आंधळ्याला समदं दिसतं, बोलत न्हाईत एवढंच.’ मला पुढे काही बोलता आलं नाही.

तिसरा धनी म्हणजे तोलेदोचा एस्कुदेरो, सरदारघराण्यातला, कंबरेला तलवार, झगा नीट झटकलेला, आणि घरात खुर्ची नाही, बाक नाही, टेबल नाही. पोरगं भीक मागून भाकरी आणतं आणि मालकाला देतं, मालक ती आपल्यावर उपकार केल्यासारखा खातो आणि मग दारात उभा राहून दातात काडी घालतो, लोकांना वाटावं जेवण झालंय. बडा घर पोकळ वासा. मी ही म्हण पेपरात तशीच मराठीत लिहून खाली अर्थ दिला, बाईंनी बाजूला बरोबरची खूण केली. मला या माणसावर राग येत नाही, पोटात तुटतं. आणि त्या पोराला पण तसंच वाटतं हे फार मोठं आहे, तो म्हणतो आधीच्या मालकांचा राग येणं बरोबर आहे, याची मला कीव येते. आजही स्पॅनिशमध्ये आंधळ्याला वाट दाखवणाऱ्याला ‘लासारियो’ म्हणतात, वाट दाखवणाऱ्या कुत्र्याला ‘पेर्रो लासारियो’. एका पुस्तकातलं पोर शब्द होऊन बसलं.

कवितेचे तास मला सगळ्यात सोपे गेले याचं श्रेय शाळेत लघु-गुरू घोकून घेणाऱ्या आमच्या मराठीच्या सरांना. इथे अक्षरं मोजायची. ‘रोमान्से’ म्हणजे आठ अक्षरांच्या ओळी आणि सम ओळींच्या शेवटी स्वरांचं यमक. पण मोजायचे नियम आहेत, दोन शब्दांचे स्वर शेजारी आले की एक धरायचे, आणि ओळ शेवटच्या अक्षरावर जोर देऊन संपली तर एक जास्त मोजायचं. स्पॅनिश कवी-नाटककार लोर्काची ओळ आहे, ‘एल बार्को सोब्रे ला मार’, समुद्रावर होडी. बोटांवर मोजलं तर सात येतात, पण ‘मार’ वर जोर म्हणून आठ. वर्गातल्या कोरियन मुलाला ते पटेना, जे अक्षरच नाही ते कसं मोजायचं. मी त्याला म्हटलं ते म्हणताना थांबतो ना आपण, तो थांबणं मोजायचं. आपल्याकडे ओळीच्या शेवटी लघु असला तरी गुरू धरतात तसंच. मग आम्ही दोघं मेट्रोत बोटं मोजत जायचो.

सेर्बान्तेसची ‘दोन किखोते’ (आपण डॉन क्विझोट म्हणतो ती कादंबरी) अख्खी नव्हती, काही प्रकरणंच होती, पण नववं प्रकरण मी चार वेळा वाचलं. लढाई ऐन रंगात आलेली असते आणि गोष्ट थांबते, लेखक म्हणतो माझ्याकडे पुढचा कागदच नाही. मग तोलेदोच्या बाजारात एक पोरगा जुन्या वह्या विकत असतो, त्या अरबीत असतात, आणि त्यात पुढची गोष्ट सापडते. लेखक एका मोरिस्कोला, म्हणजे बाटवून ख्रिश्चन केलेल्या मुसलमान घराण्यातल्या माणसाला, घरी ठेवून घेतो आणि तो दीड महिन्यात सगळं भाषांतर करून देतो. मजुरी, दोन आरोबा बेदाणे आणि दोन फानेगा (धान्याचं जुनं माप) गहू. आरोबा म्हणजे साडेअकरा किलोच्या आसपास, म्हणजे तेवीस किलो बेदाणा. आता तासगावच्या माणसाला बेदाण्याचा भाव विचारायला लागतो का. आज्जीने लगेच हिशोब घातला आणि म्हणाली दीड महिन्याचं काम आणि तेवीस किलो, लई कमी दिलं, शेडवरची बाई तरी जास्त घेती. मी वर्गात हे सांगितलं. कारण बाईंनी विचारलं होतं की सेर्बान्तेसने हा तपशील का घातला असेल, आणि मला वाटतं तो घातलाय कारण ज्याच्यामुळे अख्खी गोष्ट आपल्यापर्यंत पोचते त्याला किती स्वस्तात गाठलं ते दिसावं. ते पुस्तक १६०५ चं, आणि १६०९ पासून मोरिस्कोंना स्पेनमधून हाकलून दिलं. आणि त्या वहीत एक चित्र पण आहे, लढाईचं, खाली नावं लिहिलेली! म्हणजे लिहिलेल्या गोष्टीत काढलेलं चित्र. बाई म्हणायच्या आपला विषय या पानात मावतो.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते.

नोव्हेंबरच्या शेवटी बाई आम्हाला म्युझेओ दे आमेरिकात, म्हणजे अमेरिका खंडाच्या म्युझियममध्ये घेऊन गेल्या, माद्रिदमध्येच मोंक्लोआला. तिथे ‘कास्ता’ चित्रं आहेत. अठराव्या शतकात मेक्सिकोत, म्हणजे तेव्हाच्या न्यू स्पेनमध्ये, या चित्रांचे संच काढायचे, बहुतेक सोळा सोळाचे. प्रत्येक चित्रात आई, बाप आणि मूल, आणि वर लिहिलेलं असतं, स्पॅनिश पुरुष आणि इंडियन (म्हणजे अमेरिकेतली मूळ रहिवासी, आपल्याकडची नव्हे) बाई यांचं मूल मेस्तिसो. मेस्तिसो आणि स्पॅनिश यांचं कास्तिसो. असं करत करत खाली खाली जायचं, कपडे साधे होत जातात, पाय अनवाणी होतात, घराच्या जागी रस्ता येतो. आणि नावं बघा, ‘तोर्ना आत्रास’ म्हणजे मागे वळ, ‘तेन्ते एन एल आइरे’ म्हणजे हवेत लटकलेला, ‘नो ते एन्तिएन्दो’ म्हणजे तू मला कळत नाहीस. हे माणसाच्या पोराचं नाव. लुईस दे मेनाचं एकच मोठं चित्र आहे १७५० च्या सुमाराचं, वर ग्वादालुपेची देवी म्हणजे मेरीमाता, मधे ही कुटुंबं, खाली त्या देशातली फळं, आणि सगळ्यांना नंबर. फळांना नंबर, माणसांना नंबर.

बाई सांगत होत्या की कास्ता हा शब्द पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आपल्या समाजाला लावला आणि त्यावरूनच इंग्रजीतला ‘कास्ट’ आला. मग माझ्याकडे बघून थांबल्या. सगळेच बघायला लागले. मला एकदम गरम झालं. मला शाळेतला दाखला आठवला, त्यावरचा रकाना. गावातल्या दोन विहिरी आठवल्या, ज्यातली एक आता वापरात नाही पण कुणाची होती ते अजून सगळ्यांना माहितीय. मी काही बोलले नाही.

शेवटचा प्रोजेक्ट मी यावरच घ्यायचा ठरवलं. पहिला ड्राफ्ट रागात लिहिला, एका रात्रीत, त्यात सरळ म्हटलं की ही जातच आहे, फक्त समुद्रापलीकडची. बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, तुझा राग खरा आहे, पण तू परत तेच केलंस. चित्रावर नाव वाचलंस आणि बघणं थांबवलंस. तिकडे एका माणसाची नोंद चर्चच्या वहीत एकदा एक आणि एकदा दुसरी अशी होऊ शकायची, पैसा आला की बदलायची पण. या चित्रांत जेवढी नीट उतरंड दिसते तेवढी रस्त्यावर नव्हती, कितीतरी संच स्पेनला पाठवायला काढले, तिकडच्या लोकांना वसाहत कशी शिस्तीत आहे ते दाखवायला. आपल्या जातीचं तसं नाही, असं मला वाटलं, ती रकान्यात इतक्या सहज बदलत नाही. हा फरक मला तेव्हा फार लागला. मला दोन्ही एक पाहिजे होतं, एक असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

मग मी एकच चित्र धरलं, आन्द्रेस दे इस्लासचं, १७७४, त्याच्या सोळाच्या संचातलं चौथं. लेखी मथळा असा की स्पॅनिश पुरुष आणि काळी बाई यांच्यापासून मुलाता जन्मते. बाकीच्या वरच्या चित्रांत आईबाप शांत उभे असतात, इथे स्वयंपाकघरात भांडण चाललंय. बाईने त्या माणसाचे केस धरलेत आणि दुसऱ्या हातातलं स्वयंपाकाचं लाकडी अवजार त्याच्यावर उगारलंय. लहान मुलगी आईला ओढतीय. मी तीन रविवार गेले. बघणाऱ्याला जे सांगायचंय ते उघड आहे, या बाया अशाच असतात, असं मिसळू नका. पण ‘कारण’ न वापरता लिहायला बसलं की दुसरंच दिसायला लागतं. अख्ख्या संचात ठामपणे काहीतरी करणारी बाई ही आहे. मुलीचा जीव घाबराघुबरा झालाय आणि तो चित्रकाराने मन लावून काढलाय. मथळ्यात भांडणाचा उल्लेख नाही. शब्द एक सांगतात, रंग दुसरं, आणि आपण वाचतो शब्द.

हे लिहिताना मला माझ्या फ्लॅटमेटने खूप मदत केली, ती मेक्सिकोतल्या पुएब्लाची. तिनेच मला कातारिना दे सान खुआनबद्दल सांगितलं, हिंदुस्थानातून पळवून आणलेली मुलगी, कोचीन, मनिला करत सतराव्या शतकात पुएब्लाला गुलाम म्हणून पोचली, लोक तिला संत मानायला लागले, १६८८ मध्ये वारली, आणि तिच्या चरित्रावर आणि चित्रांवर इन्क्विझिशनने बंदी घातली. त्या सोळा चौकटींत ती कुठे बसली असती असं मी विचारलं तर मैत्रीण म्हणाली, तिकडे अशांना सरसकट ‘चिना’ म्हणायचे, मनिलाच्या जहाजातून आलेले सगळे चिनी.

बाकीचं भरभर सांगते. चित्रकार गोयाच्या ‘कॅप्रिचो’ या छापचित्रांतलं ४३ नंबरचं, टेबलावर डोकं टेकून झोपलेला माणूस आणि मागून घुबडं, वटवाघळं, आणि लिहिलंय की विवेकाचा ‘स्वेन्यो’ राक्षस जन्माला घालतो. स्पॅनिशमध्ये स्वेन्यो म्हणजे झोप पण आणि स्वप्न पण. मराठीत निवडावं लागतं आणि निवडलं की अर्थ उलटा होतो, विवेक झोपला म्हणून राक्षस आले की विवेकानेच स्वप्नात बघितले. मी आठ दिवस अडले आणि शेवटी दोन्ही लिहिलं. पिकासोचं ‘गेर्निका’ बघायला गेले तेव्हा पावणेआठ मीटर लांबी वाचून माहीत होती पण समोर उभं राहिल्यावर मान डावीकडून उजवीकडे फिरवावी लागते आणि डाव्या टोकाला मेलेलं मूल घेतलेली आई आहे, तिथून मान पुढे फिरेना.

सेमिस्टरच्या शेवटी ‘बेर्नार्दा आल्बाचं घर’ हे नाटक. लोर्काने १९३६ च्या जूनमध्ये संपवलं आणि ऑगस्टमध्ये त्याला गोळी घातली, नाटक स्टेजवर आलं १९४५ ला, ते पण ब्यूनोस आयरेसला. नवरा वारलाय, पाच मुली, आणि आई बेर्नार्दा सांगते आठ वर्षं दुखवटा, या घरात रस्त्यावरचा वारा येणार नाही. सुरुवातीलाच लोर्का लिहितो की हे तीन अंक म्हणजे फोटोंची डॉक्युमेंटरी समजा. भिंती पांढऱ्या, बायांचे कपडे काळे. धाकटी हिरवा ड्रेस घालते आणि तो एकच रंग डोळ्यात राहतो. बेर्नार्दाचा पहिला शब्द ‘गप्प’ आणि शेवटचा पण ‘गप्प’. हे मी आज्जीला दोन दिवस सांगत होते. तिने एकदाही मधे प्रश्न विचारला नाही, आणि तिच्या बाबतीत तसं कधी होत नाही. शेवटी म्हणाली, माझी आत्या होती अशी. सोळाव्या वर्षी नवरा गेला, मागच्या खोलीला खिडकी नव्हती. मी आजवर या आत्याचं नावही ऐकलं नव्हतं. मी विचारलं तिचा एखादा फोटो आहे का. ‘तिचा कोण काढणार?’

परीक्षा जानेवारीत झाली, एक उतारा आणि एक चित्र, तीन तास. प्रोजेक्ट वर्गासमोर मांडायचा होता, वीस मिनिटं. मी पहिली पाच मिनिटं स्लाइड लावलीच नाही. सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि इस्लासचं चित्र आज्जीला सांगते तसं सांगितलं, मग दाखवलं. एकूण साडेसात आले, नोताब्ले, म्हणजे चांगला शेरा. मी बाईंना पहिल्यांदा नावाने हाक मारून थँक्यू म्हटलं, त्यांच्या लक्षात आलं, हसल्या.

रिझल्ट सांगायला घरी फोन केला तेव्हा आज्जीने मार्क ऐकून घेतले, बरं झालं म्हणाली, आणि मग विचारलं, ‘ती बारकी पोर, आईला ओढती ती. ती ओढताना बघती कुणाकडं? आईकडं का बापाकडं?’ मी डोळे मिटून आठवायला लागले. कपडे आठवले, आईचा उगारलेला हात आठवला, बापाचं मागे गेलेलं डोकं आठवलं. पोरीची नजर काही केल्या आठवेना. तिला म्हटलं सोमवारी सांगते, आणि रविवारी सकाळी परत मोंक्लोआची मेट्रो धरली.